सॉफ्टवेअर कंपनीतील अधिकाऱ्याचा चरित्रलेख कसा लिहावा: सोलापूरच्या स्मरणिकाकारांसाठी

शाळेचा अमृतमहोत्सव, महाविद्यालयातील माजी विद्यार्थ्यांचा मेळावा, एखाद्या वाचनालयाचा किंवा सहकारी बँकेचा वर्धापनदिन अशा निमित्तांनी सोलापुरात स्मरणिका आणि गौरव अंक निघत असतात, आणि त्यांत हल्ली एक लेख हमखास असतो. येथे शिकून गेलेला आणि आज पुणे, बंगळुरू, हैदराबाद किंवा अमेरिकेत सॉफ्टवेअर कंपनीत वरच्या पदावर काम करणारा विद्यार्थी हा त्याचा विषय. लिहिण्याची जबाबदारी बहुधा भाषेच्या शिक्षकांवर किंवा संपादक मंडळातील एखाद्या लिहित्या सभासदावर येते. लेख मनापासून लिहिलेला असतो, तरी त्यात बालपणची हलाखी, दहावीचे गुण, अभियांत्रिकीची पदवी, परदेशगमन, पदनाम आणि मायभूमीची ओढ एवढेच येते. त्या व्यक्तीने वीस-पंचवीस वर्षे रोज नेमके कोणते काम केले, हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. शल्यविशारदावरच्या लेखात शस्त्रक्रिया येते, चादरीच्या कारखानदारावरच्या लेखात माग आणि सूत येते. सॉफ्टवेअर अधिकाऱ्यावरच्या लेखात मात्र फक्त खुर्ची येते.

ही उणीव भरून काढणे अवघड नाही, त्यासाठी संगणकशास्त्राची पदवीही लागत नाही. अधिकाऱ्याचे काम म्हणजे निर्णय: कोणते काम स्वीकारायचे, कोणत्या भावाने स्वीकारायचे, ते कोणाच्या हाती सोपवायचे, तोट्यात चाललेले काम चालू ठेवायचे की थांबवायचे. चरित्रलेखाने हे निर्णय शोधावेत, ते कोणत्या परिस्थितीत घेतले गेले ते सांगावे आणि त्यांचे परिणाम काय झाले ते नोंदवावे, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व सूचना त्या मतातूनच आलेल्या आहेत.

पदनामाचा अर्थ आधी लावावा

व्हिजिटिंग कार्डावरील पदनाम जसेच्या तसे उचलून मथळा करू नये. मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट हे पद एकाच वेळी शेकडो जणांकडे असू शकते, त्यामुळे ‘कंपनीचे उपाध्यक्ष’ असा मथळा वाचकाची दिशाभूल करतो आणि जाणकार वाचकासमोर लेखाची किंमत उतरवतो. ‘डायरेक्टर’ हे पदनामही तसेच फसवे आहे. काही कंपन्यांत ती केवळ एक श्रेणी असते, तर कंपनी कायद्यातील संचालक हा संचालक मंडळाचा सभासद असतो आणि त्याला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळालेला असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने मुख्य कार्यकारी अधिकारी, व्यवस्थापकीय संचालक, पूर्णवेळ संचालक, कंपनी सचिव आणि मुख्य वित्त अधिकारी यांना महत्त्वाचे व्यवस्थापकीय अधिकारी मानले आहे. आपली व्यक्ती या वर्तुळात बसते की बाहेर, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट करून घ्यावे. बाहेर बसत असेल तरी त्यात कमीपणा काही नाही; हजार माणसांचा विभाग सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचे काम लहान कंपनीच्या प्रमुखापेक्षा अनेकदा अधिक गुंतागुंतीचे असते.

पदाचे खरे वजन चार प्रश्नांनी कळते. त्यांच्या हाताखाली किती माणसे आहेत? कंपनीच्या उत्पन्नाचा किती भाग त्यांच्या विभागातून येतो? ग्राहकाला द्यायचा भाव ते स्वतः ठरवतात की वरून मंजुरी घ्यावी लागते? आणि वर्षाच्या शेवटी नफा कमी पडला तर कोण कोणाला जाब विचारते? या चारांची उत्तरे मिळाली की पदनाम एका वाक्यात उरकता येते आणि लेखाची जागा कामासाठी मोकळी राहते.

कंपनीचा प्रकारही तपासावा, कारण त्यावर कामाचे स्वरूप अवलंबून असते. टीसीएस किंवा इन्फोसिससारखी सेवा देणारी कंपनी दुसऱ्या संस्थेसाठी सॉफ्टवेअर तयार करते, चालवते आणि त्याबद्दल माणसांच्या वेळेनुसार किंवा ठरलेल्या रकमेनुसार पैसे घेते. पुण्याच्या क्विक हीलसारखी उत्पादन विकणारी कंपनी एकदा तयार केलेले सॉफ्टवेअर लाखो ग्राहकांना देते. तिसरा प्रकार म्हणजे परदेशी बँकेचे किंवा उद्योगाचे भारतातील स्वतःचे केंद्र. तेथील प्रमुखाला बाहेरचा ग्राहक शोधायचा नसतो, पण मूळ कंपनीतील विभागप्रमुखांचा विश्वास रोज मिळवावा लागतो. संस्थापक आणि नोकरीतून वर चढलेला अधिकारी यांतील फरकही लेखाचा साचा बदलतो. एन. चंद्रशेखरन १९८७ मध्ये टीसीएसमध्ये रुजू झाले, २००९ मध्ये तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले आणि २०१७ मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. असे चरित्र लिहिताना एकाच संस्थेत माणूस कसा घडत जातो, याकडे लक्ष द्यावे लागते. सातारा जिल्ह्यातून आलेल्या कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामापासून सुरुवात करून पुढे भावाच्या साथीने विषाणूरोधक सॉफ्टवेअरची कंपनी उभी केली; तेथे भांडवल, पहिला ग्राहक आणि भावाभावांतील कामाची वाटणी हे प्रश्न पुढे येतात. आनंद देशपांडे अमेरिकेत डॉक्टरेट घेऊन ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत काम करीत होते आणि तेथून परत येऊन त्यांनी १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली. अशा चरित्रात परत येण्याचा निर्णयच मध्यवर्ती ठरतो.

मुलाखतीआधी कागद वाचावेत

मुलाखतीची वेळ मागण्यापूर्वी निदान आठवडाभर कागदपत्रांसाठी ठेवावा. वरिष्ठ अधिकारी बहुधा अर्धा किंवा पाऊण तास देतात आणि तो वेळ ‘आपला जन्म कधी झाला’ असल्या प्रश्नांत घालवणे हा दोघांवरही अन्याय आहे.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिचे वार्षिक अहवाल संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. त्यांत संचालक मंडळाचा अहवाल, व्यवसायाचा आढावा आणि विभागवार उत्पन्न ही तीन प्रकरणे वाचली तरी पुष्कळ कळते. संचालक किंवा महत्त्वाचा व्यवस्थापकीय अधिकारी नेमला गेला अथवा पायउतार झाला की अशा कंपनीला ती गोष्ट शेअर बाजाराला लेखी कळवावी लागते. त्या पत्रात नेमकी तारीख असते आणि अनेकदा संक्षिप्त परिचयही असतो. आठवणीतील तारखेपेक्षा हे पत्र प्रमाण मानावे.

वर्षे लिहिताना जपावे. भारतीय कंपनीचे ‘आर्थिक वर्ष २०१६’ म्हणजे मार्च २०१६ मध्ये संपलेले वर्ष. मायक्रोसॉफ्टचे आर्थिक वर्ष जूनअखेर संपते आणि ओरॅकलचे मेअखेर. त्यामुळे एकाच घटनेची दोन वर्षे कागदांत दिसली तर घाईने कोणतेही एक निवडू नये, महिना शोधावा.

कंपन्यांची नावे बदलत गेलेली असतात आणि येथे सर्वाधिक चुका होतात. पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्स २०११ मध्ये आयगेटने घेतली आणि २०१५ मध्ये आयगेट कॅपजेमिनीने घेतली. म्हणजे एखाद्या गृहस्थांनी जागा न बदलता तीन कंपन्यांत काम केले असे कागदावर दिसू शकते, आणि त्यांनी ‘तीन नामवंत कंपन्यांत झेप घेतली’ असे लिहिणे चुकीचे ठरते. आय-फ्लेक्स पुढे ओरॅकलच्या ताब्यात गेली, महिंद्रा ब्रिटिश टेलिकॉमची टेक महिंद्रा झाली, एल अँड टी इन्फोटेक आणि माइंडट्री २०२२ मध्ये एकत्र आल्या. व्यक्ती रुजू झाली तेव्हाचे नाव आधी द्यावे आणि आजचे नाव पुढे सांगावे.

शिक्षणाच्या नोंदींसाठीही हीच दक्षता हवी. सोलापुरातील वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ मध्ये सुरू झाली. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे आहे. दोहोंना वालचंद हिराचंद यांचे नाव असल्याने ‘वालचंदचा विद्यार्थी’ एवढ्यावरून गाव ठरवू नये. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले आणि २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. त्यापूर्वी सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. म्हणून १९९२ मध्ये सोलापुरात अभियंता झालेल्या माणसाची पदवी शिवाजी विद्यापीठाचीच असणार. ‘बोर्डात पहिला’ हा शब्दप्रयोगही तपासून घ्यावा. सोलापूर राज्य मंडळाच्या पुणे विभागात येते, तेव्हा पहिला क्रमांक राज्यात होता, विभागात होता, जिल्ह्यात होता की परीक्षा केंद्रात, हे गुणपत्रिकेवरून किंवा त्या वर्षीच्या दैनिकांतून ठरवावे. ‘संचार’सारख्या स्थानिक दैनिकाचे जुने अंक हाती लागले तर निकालाच्या आठवड्यातील पाने आवर्जून पाहावीत.

नावाचे स्पेलिंग हा सोलापूरचा खास प्रश्न आहे. तेलुगु आणि कन्नड घरांतील आडनावे शाळेच्या दाखल्यावर एका प्रकारे, पारपत्रावर दुसऱ्या प्रकारे आणि परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेली आढळतात. काही वेळा वडिलांचे नावच आडनाव झालेले असते. शोध घेताना हे सगळे पर्याय वापरावेत आणि लेखात देवनागरी नाव कसे छापायचे, ते त्या व्यक्तीकडूनच लेखी घ्यावे.

व्यक्तीला तिच्या काळात उभे करावे

भारतीय सॉफ्टवेअर व्यवसायात कोण कोणत्या वर्षी शिरले, यावर त्यांच्या वाटचालीचा बराच भाग ठरला. टीसीएस १९६८ मध्ये सुरू झाली. आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला आणि तिच्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या, त्यांवर काम जाणणाऱ्या तंत्रज्ञांसाठी देशी कंपन्यांत जागा तयार झाली. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि दोन वर्षांनी बंगळुरूला गेली. १९९१ मध्ये आर्थिक धोरण बदलले आणि त्याच वर्षी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही संस्था नोंदली गेली. तिच्यामुळे लहान कंपनीलाही उपग्रहाद्वारे परदेशाशी जोडणी मिळू लागली, माणसे विमानाने पाठवण्याऐवजी काम इथे बसून करणे शक्य झाले. जुन्या संगणकांत वर्ष दोनच आकड्यांत नोंदले जात असल्याने २००० साल १९०० समजले जाण्याची भीती होती; त्यासाठी कराव्या लागलेल्या दुरुस्तीच्या कामाने १९९७ ते १९९९ या काळात असंख्य तरुणांना पहिली परदेशवारी दिली. त्यानंतर २००१ ची मंदी, २००८ चे आर्थिक संकट आणि २०२० ची टाळेबंदी आली, आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेने सुरू झालेली उलथापालथ चालू आहे.

ही वर्षे लेखात ओळीने मांडायची नसतात. ती लेखकाच्या वहीत असावीत आणि व्यक्तीच्या वर्षांशेजारी ठेवून पाहावीत. १९९८ मध्ये पदवी घेऊन लगेच अमेरिकेला गेलेला आणि २००१ मध्ये पदवी घेऊन दीड वर्ष नोकरीची वाट पाहिलेला, हे दोघे सारख्याच गुणवत्तेचे असू शकतात. हा फरक नोंदवला की पहिल्याची स्तुती नेमकी होते आणि दुसऱ्याचा धीर वाचकाला दिसतो.

सोलापूर नेमके लिहावे

बालपणाच्या भागात ‘गरिबी’ हा एकच शब्द वापरून पुढे जाण्याची सवय आपल्याला लागली आहे. ती सोडावी. पूर्व भागातील घर असेल तर विचारावे: माग स्वतःचे होते की वडील दुसऱ्याच्या कारखान्यात विणत होते? चादर विणली जात होती की टॉवेल? आई विड्या वळत होती का, आणि त्या कारखान्यात पोहोचवण्याचे काम कोणाकडे होते? वडील गिरणीत असतील तर कोणत्या गिरणीत, कोणत्या खात्यात, आणि ती बंद पडली तेव्हा मुलगा कितव्या इयत्तेत होता? एकामागून एक बंद पडलेल्या कापड गिरण्यांनी या शहरातील एका पिढीच्या शिक्षणाची दिशा बदलली. मुलाला डिप्लोमाला घालायचे की बारावीनंतर अभियांत्रिकीला, हा निर्णय पुष्कळ घरांत याच हिशेबाने झाला. अशी माहिती मिळाली की हलाखीचे वेगळे वर्णन करावे लागत नाही.

घरात तेलुगु, शेजारी कन्नड, शाळेत मराठी, गल्लीत दखनी हिंदी आणि पुढे पाठ्यपुस्तकात इंग्रजी असे सोलापूरचे मूल वाढते. पुढच्या काळात हैदराबाद किंवा बंगळुरूच्या सहकाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलता येण्याचा काही उपयोग झाला का, हे विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल तर तो मुद्दा मोहात न पडता गाळावा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रीतून मुंबई गाठणे, पुण्यात चार जणांनी मिळून घेतलेली खोली, पहिल्या मुलाखतीतील इंग्रजीची भीती या गोष्टी जवळपास प्रत्येकाच्या असतात. त्या एका वाक्यात आटोपाव्यात आणि जे फक्त याच व्यक्तीचे आहे त्याला परिच्छेद द्यावा. गड्ड्याची यात्रा आणि शेंगाची चटणी यांवर लेख संपवण्याचा मोहही टाळावा, कारण असा शेवट कोणत्याही सोलापूरकरावरच्या लेखाला चालतो.

मुलाखत

वेळ ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते, त्यामुळे आपली सकाळी आठची वेळ तिकडे आदल्या संध्याकाळची असते आणि ती दोघांनाही सोयीची पडते. दुसरी गोष्ट अशी की शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे तिमाही निकाल साधारणपणे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत येऊ लागतात. तिमाही संपल्यापासून निकाल लागेपर्यंत वरिष्ठ अधिकारी व्यवसायाविषयी बाहेर बोलणे टाळतात. मुलाखत या काळात ठेवली तर केवळ बालपणाच्या आठवणी मिळतील.

प्रश्न आधी पाठवावेत, मात्र सगळे पाठवू नयेत. पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरे अनेकदा कंपनीच्या जनसंपर्क विभागातून घासूनपुसून येतात. ती माहितीसाठी उपयोगी असतात, पण लेखाला जिवंतपणा देणारी वाक्ये त्यांत सापडत नाहीत. सुरुवात गेल्या आठवड्यापासून करावी: सोमवारपासून शुक्रवारपर्यंत कोणाकोणाला भेटलात, कशावर वाद झाला, काय ठरले? या प्रश्नाने माणूस तत्त्वज्ञान सोडून कामावर येतो.

त्यानंतर मी सर्वाधिक महत्त्व देईन तो प्रश्न हा: आपण स्वतः शेवटचा प्रोग्राम कधी लिहिला आणि तो कशासाठी होता? सॉफ्टवेअर अधिकाऱ्याच्या आयुष्यातील मोठे वळण येथे असते. ज्या कौशल्यामुळे नाव झाले ते बाजूला ठेवून दुसऱ्यांकडून काम करून घेण्याची जबाबदारी स्वीकारावी लागते, आणि चांगल्या तंत्रज्ञाला ही गोष्ट सोपी जात नाही. काहींनी ती आनंदाने स्वीकारलेली असते, काही अजून शनिवार-रविवारी गुपचूप प्रोग्राम लिहितात, काहींना वाटते की आपण चुकीच्या वाटेला लागलो. उत्तर कोणतेही असो, त्याभोवती दोन-तीन उपप्रश्न विचारून थांबावे आणि बोलू द्यावे.

निर्णयांविषयी विचारण्यासाठी या व्यवसायातील काही व्यवहार ठाऊक असले पाहिजेत. सेवा कंपनीत काम न मिळालेली माणसे पगारावर बसून राहतात, त्याला ‘बेंच’ म्हणतात. बेंच मोठा झाला तर नफा घटतो आणि फारच लहान ठेवला तर नवे काम आल्यावर माणसे मिळत नाहीत. हे प्रमाण कोणी ठरवले आणि कोणत्या वर्षी ते चुकले, असे विचारावे. ठरलेल्या रकमेत घेतलेले काम लांबले की वाढीव खर्च कंपनीच्या अंगावर येतो; तासांवर घेतलेल्या कामात तो ग्राहकावर जातो. ठरलेल्या रकमेचे कोणते काम अंगलट आले आणि ग्राहकासमोर ते कसे मांडले, हा प्रश्न जवळजवळ नेहमी चांगली हकिकत देतो. बहुतेक उत्पन्न डॉलरमध्ये आणि बहुतेक पगार रुपयांत असल्याने रुपया वधारला की याच कंपन्यांचा नफा आक्रसतो. अशा वर्षी खर्च कोठे कापला, हेही विचारण्यासारखे आहे. माणसे कमी करण्याची वेळ आली असेल तर यादी कोणी केली आणि त्या माणसांना स्वतः जाऊन सांगितले का, हे नम्रतेने पण स्पष्टपणे विचारावे. उत्तर टाळले गेले तर टाळले गेले. मात्र विचारलेच नाही असे होऊ नये.

उत्तरात इंग्रजी शब्दांची रांग लागली की थांबवून म्हणावे, ‘हे आपल्या मावशींना कसे सांगाल?’ बँकेच्या मुख्य प्रणालीवर काम केलेल्या अधिकाऱ्याने मग सांगावे की पूर्वी खाते ज्या शाखेत असे तेथेच पैसे काढता येत, नंतर सर्व शाखांचा हिशेब एका ठिकाणी ठेवला गेला आणि नवी पेठेतील खातेदाराला कोणत्याही गावी पैसे मिळू लागले. असे एक उदाहरण मिळाले की वाचकाला त्या माणसाच्या कामाचे मोल स्वतःच्या पासबुकातून कळते.

एका व्यक्तीच्या मुलाखतीवर लेख उभा करू नये. पहिल्या नोकरीतील वरिष्ठ, हाताखाली काम करून पुढे दुसरीकडे गेलेला सहकारी आणि घरातील एक माणूस, निदान या तिघांशी बोलावे. हाताखालून निघून गेलेला सहकारी सर्वांत मोलाचा, कारण त्याला खुशामत करण्याचे कारण उरलेले नसते. जोडीदाराशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण अमेरिकेतील वाटचालीची किंमत अनेक घरांत जोडीदाराने मोजलेली असते. एच-१बी या अमेरिकेतील नोकरीसाठीच्या व्हिसावर गेलेल्या अभियंत्याच्या जोडीदाराला अनेक वर्षे तेथे नोकरीची परवानगीच नव्हती. २०१५ पासून ती काही अटींवर, काहींनाच मिळू लागली. सोलापुरात शिकवणाऱ्या, बँकेत असलेल्या किंवा स्वतः अभियंता असलेल्या किती तरी स्त्रिया त्या काळात घरी बसल्या. एका माणसाच्या यशाच्या लेखात या गोष्टीला जागा मिळालीच पाहिजे असे मला वाटते. अधिकारी स्त्री असेल तर ‘घर कसे सांभाळले’ हा प्रश्न तिला विचारण्यापूर्वी, मागच्या अंकातील पुरुषाला तो विचारला होता का, याची आठवण करावी.

पैशाचा आकडा

पगार छापावा की नाही, यावर संपादक मंडळात नेहमी वाद होतो. माझे मत असे की जो आकडा कंपनीने स्वतः जाहीर केला आहे तो अर्थासह छापावा आणि ऐकीव आकडा मुळीच छापू नये. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला संचालकांचे मानधन आणि ते कर्मचाऱ्यांच्या मध्यक पगाराच्या (सर्व पगार चढत्या क्रमाने मांडले तर मधोमध येणाऱ्या पगाराच्या) किती पट आहे, हे जाहीर करावे लागते. वार्षिक अहवालातील मोठ्या आकड्यात पुष्कळदा शेअर पर्यायांचा लाभ मिळवलेला असतो: पूर्वी ठरलेल्या किमतीला शेअर घेतला की त्या दिवशीचा बाजारभाव आणि ठरलेली किंमत यांतील फरक पगाराचा भाग धरला जातो. अनेक वर्षांचे शेअर एकाच वर्षी घेतले तर त्या वर्षीचे उत्पन्न प्रचंड दिसते. हे स्पष्ट न करता ‘वार्षिक अमुक कोटी’ असे छापणे खोटे नसले तरी अपुरे आहे.

रुपयांत रूपांतर करताना दहा लाख म्हणजे एक दशलक्ष आणि शंभर कोटी म्हणजे एक अब्ज, हे दोनदा तपासावे. डॉलरचा भावही त्या वर्षीचा घ्यावा. १९९० च्या दशकाच्या मध्याला डॉलर सुमारे एकतीस रुपयांना होता आणि २०२२ नंतर तो ऐंशीच्या वर गेला; जुन्या कराराची रक्कम आजच्या भावाने मांडली तर ती अडीच पटींहून अधिक फुगते.

अपयश आणि वाद

गौरव अंकात अप्रिय गोष्टी कशाला, असे म्हटले जाते. पण सत्यम या हैदराबादच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापक-अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी हिशेबात खोटी शिल्लक दाखवल्याची लेखी कबुली दिली, तेव्हा त्या कंपनीत प्रामाणिकपणे काम करणारे हजारो लोक होते. आपली व्यक्ती त्यांपैकी असेल तर ते तीन-चार महिने तिने कसे काढले, ग्राहकाला काय सांगितले, हाताखालच्या माणसांना कसे थांबवले, हा लेखातील सर्वांत वाचनीय भाग ठरू शकतो. तो वगळणे म्हणजे तिच्या खंबीरपणाचा पुरावा वगळणे. फसलेले उत्पादन, गमावलेला ग्राहक, हुकलेली बढती यांनाही हेच लागू आहे. न्यायालयात किंवा नियामकापुढे काही प्रकरण असेल तर आदेशात आहे तेवढेच, तारखेसह लिहावे. आरोप आणि निष्कर्ष यांची गल्लत करू नये.

लिहिताना

सुरुवात जन्मापासून करण्याचे बंधन नाही. एखाद्या कठीण निर्णयापासून आरंभ करावा, त्याचा अर्थ समजण्यापुरते मागे जावे आणि बालपण अशा जागी आणावे जेथे त्याचा पुढच्या कामाशी संबंध दिसेल. विशेषणांना हात आखडता घ्यावा. ‘त्यांनी कंपनीला यशाच्या शिखरावर नेले’ या वाक्यातून काही कळत नाही. त्याऐवजी असे वाक्य हवे: ‘विमा कंपनीचे काम ठरलेल्या रकमेत घेतले होते आणि ते मुदतीत होणार नाही हे दिसू लागले, तेव्हा त्यांनी स्वतः ग्राहकाकडे जाऊन अर्धे काम आधी सुरू करण्याचा आणि उरलेले नव्या करारात घेण्याचा प्रस्ताव ठेवला.’ येथे अडचण, कृती आणि माणूस तिन्ही आहेत. ‘आमच्या टीमचे यश’ असे अधिकारी नम्रतेने म्हणतात; ते छापावे, पण त्यांचा स्वतःचा वाटा कोणता, हे सहकाऱ्यांच्या बोलण्यातून लिहावे. सर्व्हर, कोड, क्लाउड हे शब्द वाचकांना परिचित आहेत, त्यांना कृत्रिम प्रतिशब्द शोधत बसू नये. अपरिचित संज्ञा मात्र पहिल्यांदा येईल तेथेच एका वाक्यात उलगडावी.

मसुदा दाखवणे आणि छापणे

मसुदा त्या व्यक्तीला दाखवावा, मात्र तथ्ये तपासण्यासाठी दाखवतो आहोत, हे पत्रात स्पष्ट लिहावे. तारखा, नावे, आकडे आणि तांत्रिक वर्णन यांतील दुरुस्त्या कृतज्ञतेने स्वीकाराव्यात. इतरांनी व्यक्त केलेले मत बदलण्याची विनंती आली तर ते मत देणाऱ्याला विचारून ठरवावे. कंपनीच्या ग्राहकाचे नाव आले असेल तर ते कंपनीने आधी कोठे जाहीर केलेले आहे का, ते पाहावे. नसेल तर ‘युरोपातील एक बँक’ एवढे पुरेसे आहे, कारण अधिकाऱ्यावर गोपनीयतेच्या कराराचे बंधन असते. अजून जाहीर न झालेला व्यवहार, निकाल किंवा नेमणूक बोलण्याच्या ओघात कानावर आली तर ती लिहू तर नयेच, पण कोणाला सांगूही नये आणि त्या आधारे शेअरही घेऊ नये. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबी या संस्थेच्या २०१५ च्या नियमांनुसार तो अंतर्गत माहितीचा गैरवापर ठरू शकतो. सोलापुरातील घराचा पत्ता, वृद्ध आई-वडिलांचा दूरध्वनी, मुलांच्या शाळेचे नाव यांपैकी काहीही छापू नये, छायाचित्रातूनही ते दिसणार नाही याची खात्री करावी.

अंक निघाल्यावर ध्वनिमुद्रण, वार्षिक अहवालांतील वापरलेली पाने, शेअर बाजाराला दिलेल्या पत्रांच्या प्रती आणि दुरुस्त्यांसह मसुदा एका पाकिटात घालून संस्थेच्या कार्यालयात किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावा आणि पाकिटावर मुलाखतीची तारीख लिहावी. चूक कळवणारे पत्र आले तर पुढच्या अंकात, मूळ लेखाचे पान सांगून, शुद्धिपत्र छापावे.